फ्रिजमध्ये ठेवूनही बटाटे, टोमॅटो, ब्रेड वारंवार खराब होतायत? मग ते फ्रिजबाहेर काढा

तक्रार साधारण अशी असते. आणलेलं सगळं नीट निवडून फ्रिजमध्ये लावलं जातं आणि तरी दर आठवड्याला तेच रडगाणं. बटाटा तळायला घेतला की आत शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतो आणि चवीला गोडसर लागतो, टोमॅटो दिसायला लालभडक पण खाल्ला तर पिठूळ, ब्रेड दुसऱ्याच दिवशी कोरडाठाक, काकडीवर पाणचट खड्डे, लसणाला कोंब, मध चमच्याने खरवडावा लागतो. मग लोक काय करतात, फ्रिजचं बटण अजून थंडकडे फिरवतात, किंवा फ्रिज बिघडला समजून मेकॅनिकला बोलावतात. बहुतेक वेळा फ्रिज अगदी ठणठणीत असतो, आणि थंडावा वाढवला की त्रास उलट वाढतो कारण या वस्तूंना थंडीच बाधलेली असते.

यातलं कारण एकदा कळलं की प्रत्येक वस्तूची वेगळी यादी पाठ करायची फारशी गरज राहत नाही. फ्रिज साधारण ४ अंश सेल्सिअसला चालतो आणि त्याचं मुख्य काम जंतूंची वाढ मंदावणं हे आहे. दूध, मांस, मासे, शिजवलेलं अन्न, कापलेली फळं यांना हे हवंच, त्यात वाद नाही. पण अख्खा बटाटा, अख्खा टोमॅटो, न सोललेलं केळं ही तोडल्यानंतरही जिवंत असतात, त्यांचा श्वास चालू असतो, पिकणं चालू असतं. आणि यातल्या बऱ्याच गोष्टी मुळात उष्ण हवेत वाढणाऱ्या झाडांच्या आहेत, त्यामुळे १० ते १३ अंशांच्या खाली गेलं की त्यांच्या पेशींची आवरणं कडक होतात, मग गळायला लागतात आणि एरवी वेगवेगळे राहणारे आतले रस एकमेकांत मिसळतात. याला चिलिंग इंज्युरी म्हणतात. डाग, खड्डे, काळेपणा, पिठूळपणा, नीट न पिकणं ही सगळी त्याचीच लक्षणं.

आणि गंमत नाही, खरोखर फसवणारी गोष्ट ही आहे की ही इजा फ्रिजमध्ये असताना पुष्कळदा दिसतच नाही. वस्तू बाहेर काढली, खोलीच्या तापमानाला आली की मग एका दिवसात डाग उमटतात, मऊ पडते, बुरशी धरते. त्यामुळे आपल्याला वाटतं की बाहेर ठेवली म्हणून खराब झाली, आणि पुढच्या वेळी आपण ती अजून लवकर फ्रिजमध्ये टाकतो. हा प्रॉब्लेम वर्षानुवर्षं सुटत नाही त्याचं माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे.

सुरुवात करण्याआधी दोन तपासण्या करून घ्या. एक, फ्रिजचं खरं तापमान. बटणावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत, म्हणून ग्लासभर पाण्यात साधा थर्मामीटर ठेवून तो ग्लास रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी बघा. ५ च्या वर असेल तर दूध आणि शिजवलेल्या अन्नासाठी तो प्रॉब्लेम आहे, तो आधी दुरुस्त करा. ० ते १ च्या आसपास असेल तर पालेभाजी गोठून काचेसारखी होते ती त्यामुळे. दोन, एकाच वेळी आणलेला एकच माल अर्धा आत आणि अर्धा बाहेर ठेवून आठवडाभर बघा. यासारखी खात्रीची तपासणी दुसरी नाही, कारण तुमच्या घरातली हवा, ऊन, दमटपणा हे तुमचंच असतं आणि कुठल्याही तक्त्यात ते मिळत नाही.

आता लक्षणानुसार.

बटाटा तळल्यावर काळा पडतो, गोड लागतो

हा शंभर टक्के फ्रिजचा परिणाम असतो असं नाही, काही जाती मुळातच जास्त गोड असतात, पण बटाटे फ्रिजमधून काढलेले असतील तर पहिला संशय तिथेच घ्या. साधारण ६-७ अंशांच्या खाली बटाटा आपल्यातल्या स्टार्चची साखर करायला लागतो. ही साखर तळताना किंवा भाजताना बटाट्यातल्याच अस्पॅराजिन नावाच्या अमिनो आम्लाबरोबर मिळून गडद रंग देते, कडवट चव देते आणि अॅक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं. हे रसायन तळलेल्या आणि भाजलेल्या पिठूळ पदार्थांत सापडतं हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये जाहीर केलं आणि तेव्हापासून बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका हा सल्ला सगळीकडे पसरला. नंतर ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०२३ मध्ये आपला सल्ला सैल केला, घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्याने अॅक्रिलामाइडमध्ये फार फरक पडत नाही असं त्यांच्या तज्ज्ञांचं मत पडलं. म्हणून फ्रिजमधला बटाटा खाल्ला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण रंगाचं आणि चवीचं म्हणाल तर ते बिघडतंच, फ्राईज किंवा काप करणाऱ्याला हे लगेच जाणवतं.

उपाय असा की बटाटे अंधाऱ्या, हवा खेळती असलेल्या, घरातल्या त्यातल्या त्यात गार जागी ठेवायचे. ७ ते १० अंश मिळाले तर उत्तमच, पण इतकं घरात सहसा मिळत नाही, २० च्या आसपासही दोन-तीन आठवडे आरामात निघतात. गोणपाट, कागदी पिशवी, बांबूची परडी काहीही चालेल, प्लास्टिकची गाठ मारलेली पिशवी मात्र नको, त्यात ओल कोंडते आणि गरम हवेत बटाट्याला ऑक्सिजन कमी पडून त्याचा गाभा आतून काळा पडतो, बाहेरून काहीच कळत नाही. धुऊन ठेवू नका, माती असली तर कोरडीच झटका.

आधीच फ्रिजमध्ये राहून गोड झालेले बटाटे फेकू नका. ते १५ ते २० अंशांना एक ते तीन आठवडे ठेवले तर साखरेचा बराच भाग पुन्हा स्टार्च होतो, किंवा सरळ उकडून संपवा, उकडताना अॅक्रिलामाइड होत नाही.

अंधार का म्हणतोय तर उजेडात बटाटा हिरवा होतो. तो हिरवा रंग साधं क्लोरोफिल आहे, निरुपद्रवी, पण त्याच्याबरोबर सोलानिनसारखी विषारी द्रव्यं वाढलेली असतात आणि ती शिजवून जात नाहीत. थोडासा हिरवा भाग असेल तर जाड काप काढून टाका, कोंबाचे डोळे खोलवर कोरून काढा, बराच हिरवा असेल किंवा चवीला कडू लागला तर तो बटाटा टाकूनच द्यायचा, इथे काटकसर करू नका.

रताळ्याचं याहून वाईट होतं. त्याला १३ ते १५ अंश लागतात, फ्रिजमध्ये आठवडाभर राहिलं की मधला गाभा असा कडक होतो की कितीही वेळ शिजवा, मऊ होत नाही. रताळं शिजतच नाहीये अशी तक्रार असेल तर कुकरला दोष देण्याआधी ते कुठे ठेवलं होतं ते आठवा.

कांदा मऊ, लसणाला कोंब

कांद्याला थंडीपेक्षा ओल मारते. सुकवलेल्या कांद्याची बाहेरची कोरडी सालं हेच त्याचं पॅकिंग, आणि फ्रिजचा भाजीचा कप्पा मुद्दाम दमट ठेवलेला असतो, पालेभाजीसाठी. तिथे ती सालं भिजतात, खाली काळी बुरशी धरते आणि कांदा आतून नासतो. कांद्याच्या गोदामात ० अंशांजवळ ठेवतात हे खरं आहे, पण तिथे हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर धरलेली असते, घरच्या फ्रिजमध्ये ते जमत नाही. जाळीच्या पिशवीत टांगून ठेवा, एकावर एक ढीग नको. बटाट्यांच्या टोपलीत तर अजिबात नको, बटाटा ओल सोडतो आणि एक नासलेला बटाटा आख्खी टोपली घेऊन जातो, वासही एकमेकांना लागतात.

लसणाचं असं की ४ ते १० अंशांना त्याला वाटतं हिवाळा झाला, आता उगवायची वेळ आली, आणि नेमकं तेच तापमान आपण त्याला देतो. म्हणून फ्रिजमधला गड्डा पटकन कोंब काढतो. बाहेर, कोरड्या जागी, न सोलता, गड्डा न फोडता ठेवला तर पुष्कळ टिकतो. गड्डा फोडला की पाकळ्या आठ-दहा दिवसांत वापरून टाका.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. लसूण बाहेर टिकतो याचा अर्थ तेलात बुडवलेला लसूण बाहेर टिकतो असा नाही. तेलाखाली हवा नसते, लसणात आंबटपणा नसतो, आणि मातीतून आलेले बोट्युलिझम नावाच्या विषबाधेचे जंतू अशाच जागी विष तयार करतात. वास येत नाही, रंग बदलत नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका रेस्टॉरंटमधल्या तेलातल्या लसणामुळे कितीतरी लोकांना बोट्युलिझम झाला होता, ती बरणी फ्रिजबाहेर ठेवलेली होती. घरी केलेलं लसणाचं तेल फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा, जास्त दिवस हवं असेल तर फ्रीजरमध्ये.

कापलेला कांदा, सोललेला लसूण, पातीचा कांदा हे तिन्ही फ्रिजमध्ये. पहिल्या दोघांचं कवच गेलेलं असतं, पात ही पालेभाजीच आहे.

टोमॅटो पिठूळ आणि बिनवासाचा

टोमॅटोची चव जिभेवर कमी आणि नाकात जास्त असते. २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर पिकलेले टोमॅटो ५ अंशांना आठवडाभर ठेवून पाहिले, तर साखर आणि आंबटपणा जवळपास तेवढाच राहिला पण वास देणारी द्रव्यं बरीच कमी झाली, आणि बाहेर काढून ठेवल्यावरही ती पूर्ण परत आली नाहीत, कारण ती द्रव्यं बनवणारी जीन्सच थंडीने गप्प झाली होती. म्हणून आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेला टोमॅटो जेवणाआधी तासभर बाहेर काढून ठेवला तरी आधीसारखा होत नाही.

जरा कच्चट टोमॅटो असेल तर त्याचं नुकसान अजून जास्त, तो पुढे नीट पिकतच नाही, ठिपक्याठिपक्यांनी रंग येतो. तो बाहेरच पिकू द्या. ताटात एका थरात पसरा, देठाची बाजू खाली करून, कारण ओलावा जातो आणि बुरशी शिरते ती बहुतेक त्या देठाच्या खुणेतून. पूर्ण पिकलेला, आज-उद्या हातातून जाईल असा टोमॅटो फ्रिजमध्ये टाकायला माझी काहीच हरकत नाही, एक-दोन दिवसांनी फार बिघडत नाही आणि नासण्यापेक्षा ते बरं. ग्रेव्हीत जायचा असेल तर तसंही काही कळत नाही, सॅलडमध्ये मात्र कळतं.

केळी काळी, आंबा डागाळलेला, आणि बाकीची फळं

केळ्याच्या सालीतली फिनॉल्स नावाची द्रव्यं आणि एक एन्झाइम एरवी वेगळ्या कप्प्यांत असतात, थंडीने ते कप्पे फुटले की दोन्ही एकत्र येऊन साल काळी. जहाजातून केळी नेतात तीसुद्धा १३-१४ अंशांना, त्याच्या खाली नेत नाहीत, एवढं हे फळ नाजूक आहे. हिरवं केळं फ्रिजमध्ये गेलं तर पुढे ते पिकणार नाही, कडक राखाडी होऊन बसेल. पिकलेलं केळं मात्र ठेवता येतं, साल काळी होईल पण आतला गर दोन-चार दिवस चांगला राहतो. साल बघून फेकू नका, सोलून बघा.

कच्चा आंबा, अव्हाकाडो, पीच यांना हाच नियम: पिकेपर्यंत बाहेर, पिकल्यावर हवं तर आत. पीच २ ते ८ अंशांच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त बिघडतो, म्हणजे नेमका घरच्या फ्रिजचा पट्टा, बाहेरून छान आणि आत रस नसलेला लोकरीसारखा गर.

कलिंगडाबद्दल तर बाहेर ठेवायला चांगलं कारणच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २००६ मध्ये अख्खी कलिंगडं दोन आठवडे वेगवेगळ्या तापमानाला ठेवली, तेव्हा २१ अंशांना ठेवलेल्यांत लायकोपीन आणि बीटा-कॅरोटीन ही पोषक रंगद्रव्यं अनुक्रमे ११ ते ४० आणि ५० ते १३९ टक्क्यांनी वाढलेली निघाली, आणि ५ अंशांना ठेवलेल्यांना आठवड्याभरातच थंडी बाधायला लागली. गार खायचं असेल तर खायच्या दिवशी सकाळी आत ठेवा. कापलं की लगेच फ्रिजमध्ये, झाकून. कापण्याआधी साल धुवा, सालीवरचे जंतू सुरी आत नेते.

लाल भोपळा अख्खा असेल तर १० ते १५ अंशांच्या कोरड्या जागी दोन-तीन महिने आरामात राहतो, देठ मोडू नका एवढंच.

सगळी फळं एकदम पिकून वाया जात असतील तर टोपलीत बघा, केळी किंवा सफरचंद असणारच. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि शेजारची फळं त्याने घाईने पिकतात. पिकवायची असतील तेव्हा कागदी पिशवीत केळ्याबरोबर घाला, नको असेल तेव्हा केळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. सफरचंद स्वतः थंडीत छान टिकतं, ते फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे दोन्ही कामं होतील.

काकडी, वांगी, ढोबळी मिरची, बेसिल

ही मंडळी अधलीमधली. काकडीला आणि वांग्याला १० अंशांच्या खाली दोन-तीन दिवसांत त्रास सुरू होतो, काकडीवर पाणचट खड्डे, वांग्याच्या बिया तपकिरी. पण बाहेर ठेवलं तर कोमेजतात. मग तडजोड: आज-उद्या वापरायच्या असतील तर बाहेर, ओलसर नसलेल्या फडक्यात गुंडाळून, त्याहून जास्त दिवस लागणार असतील तर फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात, तिथे सगळ्यात कमी थंडी असते. केळी-टोमॅटोजवळ काकडी नको, पिवळी पडते. बेसिलची पानं फ्रिजमध्ये रातोरात काळी होतात, ती जुडी ग्लासभर पाण्यात देठ बुडवून ओट्यावर ठेवा, आठवडा जातो. कोथिंबिरीला हे लागू नाही, तिला थंडी मानवते.

ब्रेड एका दिवसात शिळा

यावर जरा वेळ घालवतो कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. लोक म्हणतात ब्रेड सुकला. खरं तर बराचसा ब्रेड सुकलेला नसतो. फ्रान्सच्या बूसँगो यांनी १८५२ च्या सुमारासच दाखवलं होतं की ओलावा अजिबात उडू दिला नाही तरी ब्रेड शिळा होतो आणि गरम केला की पुन्हा मऊ पडतो. होतं असं की भाजताना स्टार्च पाणी शोषून फुगतो, विस्कळीत होतो आणि थंड झाल्यावर त्याचे रेणू पुन्हा हळूहळू ओळीने लागून स्फटिक बनवतात, मग ब्रेड ताठ होतो. हे स्फटिक बनणं गोठणबिंदूच्या जरा वर, म्हणजे ० ते ५ अंशांना सगळ्यात वेगाने होतं. म्हणजे ब्रेड शिळा व्हायला फ्रिजइतकी योग्य जागा घरात दुसरी नाही. फ्रीजरमध्ये, -१८ ला, पाणी गोठल्यामुळे हीच क्रिया जवळपास थांबते.

म्हणून ब्रेडसाठी दोनच जागा. दोन-तीन दिवसांत संपणार असेल तर बाहेर, पिशवी बंद करून किंवा डब्यात. नाहीतर आणल्या दिवशीच, ताजा असतानाच, स्लाइस करून फ्रीजरमध्ये, आणि लागेल तसे स्लाइस काढून गोठलेलेच टोस्टरमध्ये. शिळा होईपर्यंत बाहेर ठेवायचा आणि मग फ्रीजरमध्ये टाकायचा यात काही अर्थ नाही, फ्रीजर शिळा झालेला ब्रेड ताजा करत नाही.

आधीच ताठ झालेला असेल तर ६० अंशांच्या वर गरम केला की ते स्फटिक वितळतात, ब्रेड मऊ होतो, पण थोड्याच वेळात पुन्हा ताठ होतो आणि दर वेळी थोडं पाणी जातं, म्हणून गरम केलेला लगेच खा.

बुरशीचा प्रश्न वेगळा आहे. हवा फार दमट असेल आणि तिसऱ्या दिवशी बुरशी येतच असेल तर ज्यांच्याकडे फ्रीजरमध्ये जागा नाही त्यांनी फ्रिजमध्ये ठेवून टोस्ट करून खावा, शिळा ब्रेड खाता येतो, बुरशीचा नाही. हिरवा ठिपका तेवढा काढून बाकीचा खायचा हे मात्र बंद करा, मऊ ब्रेडमध्ये बुरशीचे धागे दिसतात त्याहून खूप आत गेलेले असतात. आतून मांस, अंडं किंवा क्रीम भरलेले बन या सगळ्यातून बाद, ते फ्रिजमध्येच.

मध दगड झाला

मध साखरला म्हणजे भेसळ आहे असं नाही. मधात पाणी साधारण १७-१८ टक्केच असतं आणि ग्लुकोज इतकं की ते फार काळ विरघळून राहू शकत नाही, कधी ना कधी त्याचे रवे होणारच. १० ते १५ अंशांना ते सगळ्यात वेगाने होतात, त्याहून थंडीत मध नुसताच घट्ट होऊन बसतो. एवढ्या कमी पाण्यात जंतू वाढत नाहीत, त्यामुळे मधाला फ्रिजची गरजच नाही. बरणी घट्ट बंद करून फडताळात ठेवा. झाकण सैल राहिलं किंवा ओला चमचा घातला तर मात्र मध हवेतलं, चमच्यातलं पाणी ओढतो आणि आंबतो, फेस येतो, तो खरा बिघाड. साखरलेली बरणी ४०-४५ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको, वास उडून जातो. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, कसाही ठेवलेला असला तरी.

कॉफी, मसाले, चॉकलेट, तेल

यांचा शत्रू एकच, घाम. थंड डबा बाहेर काढला, झाकण उघडलं की हवेतली वाफ आत जाऊन पुडीवर बसते, रोज दोनदा असं झालं की मसाल्याच्या गुठळ्या आणि कॉफीचा वास गेला, वर फ्रिजमधले वास आत शिरतात ते वेगळेच. चॉकलेटवर याच घामाने साखर वर येऊन पांढुरका थर बसतो, तो बुरशी नाही, खायला चालतं, पण तोंडात खरखरीत लागतं. हवाबंद डबा, अंधारं कपाट, बस. ऑलिव्ह तेल फ्रिजमध्ये गढूळ होऊन थिजतं, बाहेर काढलं की पूर्ववत होतं, त्याला काही इजा नाही, पण गरजही नाही.

उलटी चूकही बरेच जण करतात म्हणून सांगतो. अक्रोड, बदाम, दाणे, जवसाची पूड, अक्रोडाचं तेल, कोंडा न काढलेलं पीठ यांत तेल असतं आणि ते गरमीत खवट होतं, हे बाहेर कोरडे दिसतात म्हणून फडताळात राहतात आणि मग कडवट लागतात. जास्त दिवस ठेवायचे असतील तर हवाबंद डब्यात घालून फ्रिज किंवा फ्रीजर, आणि डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. आणि वर जे जे बाहेर ठेवा म्हटलं ते सगळं अख्खं आणि कच्चं असेपर्यंतच. शिजवलेला बटाटा, शिजवलेला भात, कापलेला टोमॅटो दोन तासांहून जास्त बाहेर नको, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच.

बाहेर म्हणजे नक्की कुठे

पुष्कळांचा अनुभव असा की सांगितल्याप्रमाणे बाहेर ठेवलं आणि तरी चार दिवसांत गेलं. तेव्हा जागा बघा. फ्रिजच्या वरची जागा सोयीची दिसते पण तिथे आणि मागच्या बाजूला फ्रिजचीच उष्णता येते. शेगडीच्या बाजूचं कपाट, सिंकखालची दमट जागा, दुपारचं ऊन येणारी खिडकी, यातली एकही चालणार नाही. जमिनीलगतचं, बाहेरच्या भिंतीला नसलेलं, जाळीचं दार असलेलं कपाट सगळ्यात चांगलं. आठवड्यातून दोनदा टोपली उलटी करून बघा आणि मऊ पडलेला एखादा असेल तर लगेच काढा, चिलटंही तिथूनच सुरू होतात.

राहिला उन्हाळा. घरात ३५ अंशांच्या वर जात असेल तर वरचे आकडे पाळणं शक्यच नाही, एका बाजूला ४ अंश आणि दुसऱ्या बाजूला ३५, लागतात मात्र १२. अशा दिवसांत कमी आणा, दोन-तीन दिवसांपुरतंच आणा, हाच खरा उपाय. कांदा-लसूण कोरड्या गरमीत टिकतात, ते बाहेरच राहू द्या. टोमॅटो पिकले की आत, दारातल्या कप्प्यात. बटाटे कोंब काढत असतील, सुरकुतत असतील तर कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या त्यातल्या त्यात कमी थंड भागात ठेवा आणि ते तळायला न घेता उकडायला वापरा. रताळी आणि न पिकलेली केळी मात्र तेव्हाही आत टाकू नका, रताळी आणल्या आणल्या संपवायची, पिकलेली केळी उरलीच तर सोलून, तुकडे करून फ्रीजरमध्ये.